कात्री घेऊन फिरणारा पाहुणा

तळ्यातल्या बदकांमधलं ते वेगळं पिल्लू तुम्हाला बालवाडीपासून माहीत आहे. गदिमांचं गाणं म्हणताना आपण सगळ्यांनी हातवारे केलेत. त्या पिल्लाची मूळ गोष्ट डेन्मार्कची आणि ती लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन. छोटी जलपरी त्याचीच, नवे कपडे घातलेला उघडा राजा त्याचाच, थंडीत काड्या पेटवणारी मुलगीही त्याचीच. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. फारसं ठाऊक नसतं ते हे, की हा माणूस जाईल तिथे कात्री घेऊन जायचा. लोकांच्या घरी, लोकांच्या मुलांना जवळ घेऊन, लोकांच्या ख्रिसमस ट्रीसाठी कागद कापत बसायचा.

‘लोकांच्या’ हा शब्द तीनदा आलाय, तो मुद्दाम. स्वतःचं घर, स्वतःची मुलं, स्वतःचं झाड यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. जगप्रसिद्ध झाल्यावरही नव्हतं. नाताळ तोंडावर आलाय, दुकानांत चांदण्या लटकायला लागल्यात. तर या वेळी त्याची गोष्ट त्याच्या पुस्तकांकडून नको, त्याच्या कात्रीकडून ऐका.

मोच्याचा मुलगा

२ एप्रिल १८०५. डेन्मार्कच्या फ्यून बेटावरचं ओडेन्स हे गाव. वडील जोडे शिवायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. घर म्हणजे एक खोली, त्यातच वडिलांचं काम, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं. वडिलांना शिकायचं होतं, ते जमलं नाही. मग त्यांनी आपली हौस मुलावर भागवली. त्याला अरेबियन नाइट्सच्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि हाताने बाहुल्यांचं एक छोटं थिएटर करून दिलं. बाकीची पोरं बाहेर हुंदडायची, तेव्हा हान्स चिंध्या आणि कात्री घेऊन बाहुल्यांचे कपडे बेतत बसायचा.

घरात आणखी एक कारागीर होता. त्याचे आजोबा. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. ते लाकडात अजब आकृती कोरायचे. माणसाच्या धडावर प्राण्याचं डोकं, प्राण्याला पंख, असलं काहीतरी. टोपलीत भरून ते खेड्यापाड्यांत न्यायचे आणि बायकांना, मुलांना फुकट वाटून टाकायचे. एकदा रस्त्यावरची पोरं आजोबांच्या मागे लागून त्यांना चिडवत होती, तेव्हा हान्स भीतीने जिन्याआड लपला होता. आपणही असेच होणार की काय, ही धास्ती त्याला जन्मभर पुरली. गंमत बघा, पुढे त्याच्या कागदातूनही तसलेच प्राणी निघाले. पवनचक्कीचं अंग असलेला माणूस हा तर त्याचा अगदी आवडता आकार.

आणि ख्रिसमस ट्री? तो जन्मला तेव्हा डेन्मार्कमध्ये ते नव्हतंच. जर्मनीकडून आलेली ही पद्धत तिथे पहिल्यांदा १८०८ मध्ये होल्स्टाइनबोर्ग इथल्या एका जमीनदार घराण्यात दिसली आणि कोपनहेगनमध्ये १८११ मध्ये. सुरुवातीला ती श्रीमंतांचीच चैन होती. कपडे धुणाऱ्या बाईच्या एका खोलीत मेणबत्त्यांनी लखलखणारं झाड येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाने पुढे झाडांसाठी इतका कागद कापला, त्याच्या लहानपणी झाड नव्हतं.

सतराव्या वर्षी छोट्यांच्या वर्गात

हान्स ११ वर्षांचा असताना वडील गेले. १८१९ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, तो एकटाच कोपनहेगनला निघाला. नट व्हायचं होतं, गायक व्हायचं होतं, नर्तकही चाललं असतं. तिथल्या रॉयल थिएटरमध्ये त्याने सगळं करून पाहिलं. आवाज फुटला, गाणं संपलं. अंग लांबोडकं, हातपाय कुठेही जाणारे, नाच संपला. तीन वर्षांनी थिएटरनेही दार बंद केलं.

त्याच थिएटरच्या संचालकांपैकी एक होते योनास कोलिन. या पोरात काहीतरी आहे, पण शिक्षण नाही, हे त्यांनी ओळखलं. राजाच्या निधीतून पैसे मंजूर करून घेतले आणि त्याला स्लागेल्सेच्या शाळेत पाठवलं. १७ वर्षांचा ताडमाड मुलगा ११-१२ वर्षांच्या पोरांसोबत बाकावर बसला. वर्ष वाया गेलं म्हणून ज्यांना घरी तोंड दाखवायला नको वाटतं, त्यांनी हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणावं. हेडमास्तर मायस्लिंग त्याला वर्गात येताजाता टोमणे मारायचे. ती वर्षं त्याला म्हातारपणीही स्वप्नात छळायची. तरी तो टिकला आणि १८२८ मध्ये, २३ व्या वर्षी, विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा पास झाला.

आता राहायचं कुठे, जेवायचं काय? राहायला भाड्याची खोली. जेवायला त्याने जे केलं ते तुमच्या पणजोबांना लगेच कळलं असतं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या? अँडरसन कोपनहेगनमध्ये तेच करायचा. आठवड्याचा प्रत्येक वार वेगवेगळ्या ओळखीच्या कुटुंबाकडे. पुढे पैसा आला, नाव झालं, तरी ही वारांची सवय सुटली नाही. कारण भूक फक्त जेवणाची नव्हती.

‘तू’ म्हणायची परवानगी

कोलिन यांचं घर त्याला आपलं घर वाटायचं. योनास कोलिन वडिलांच्या जागी. त्यांचा मुलगा एडवर्ड त्याच्याच वयाच्या आसपासचा, तो भावाच्या जागी. डॅनिश भाषेत त्या काळी आपल्यासारखंच होतं, जवळच्याला ‘तू’ आणि बाकीच्यांना ‘तुम्ही’. १८३१ मध्ये अँडरसनने धीर करून एडवर्डला पत्रातून विचारलं, आपण एकमेकांना ‘तू’ म्हणू या का? एडवर्डने सभ्यपणे नकार दिला. ते दोघं आयुष्यभर एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढंसं काय त्यात. पण मराठीत वाढलेल्या कुणालाही यातली टोचणी कळेल. अहो-जाहो हा मान असतो, तसं ते अंतरही असतं. कोलिन कुटुंबाने त्याला शिकवलं, जेवू घातलं, त्याचे पैसे सांभाळले, त्याची हस्तलिखितं तपासली. पण मोच्याचा मुलगा पाहुणाच राहिला. या लेखात त्याला ‘ते’ न म्हणता ‘तो’ म्हटलंय, त्याचं कारण हेच समजा.

त्या घरात एक जागा मात्र अशी होती जिथे ‘तुम्ही’ नव्हतं. ती म्हणजे मुलांची खोली.

गोष्ट संपते तेव्हा कागद उघडतो

१८३५ च्या मे महिन्यात त्याच्या परीकथांची पहिली छोटी पुस्तिका आली. त्यात चारच गोष्टी होत्या. काही समीक्षकांनी असल्या पोरकट लिखाणात वेळ घालवू नये असं सुचवलं. पण या गोष्टी कागदावर येण्याआधी तो मुलांना सांगायचाच, आणि सांगताना हात रिकामे ठेवायचा नाही.

पद्धत अशी. हाताला येईल तो कागद घ्यायचा, दुमडायचा आणि मोठ्या कात्रीने कापायला सुरुवात करायची. तोंडाने गोष्ट चालू. कागद फिरतोय, कपटे पडतायत, काय होणार आहे ते कुणालाच कळत नाहीये. गोष्ट संपायच्या सुमारास तो कागद उलगडायचा आणि आतून निघायचं एक पूर्ण जग. हातात हात धरलेल्या नर्तकी, हंस, ताडाची झाडं, राजवाडे, नाटकाचा रंगमंच, परी. काही बाहुल्या तर टेबलावर उभ्या राहायच्या आणि फुंकर मारली की सरकायच्या. फाशीच्या खांबाला लटकलेला माणूसही त्यात असायचा. त्याच्या गोष्टींत जसं गोडाशेजारी भयंकर असतं, तसंच कागदातही.

दुमडलेला कागद कापला की डावी-उजवी बाजू सारखी येते, हे तुम्ही शाळेत हस्तकलेच्या तासाला केलंय. अँडरसनची गंमत पुढची होती. तो गोष्टीची लांबी आणि कापण्याची लांबी जुळवायचा. मुलं शेवटपर्यंत हलायची नाहीत, कारण शेवट कानालाही मिळणार असायचा आणि डोळ्यालाही.

डिसेंबर आला की हीच कात्री झाडासाठी चालायची. त्या काळी झाडावर टांगायच्या बऱ्याच गोष्टी घरीच व्हायच्या. रंगीत कागदाच्या जाळीदार पिशव्या कापायच्या, त्यात मिठाई भरायची आणि फांद्यांना अडकवायच्या. १८४४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या त्याच्या ‘फरचं झाड’ या गोष्टीत या पिशव्या आहेत. जंगलातलं एक छोटं झाड मोठं व्हायची घाई करतं, नाताळात एका घरात सजतं, एक रात्र मिरवतं, दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातं आणि शेवटी सरपण होतं. सजावट किती दिवसांची असते हे ती करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

बर्लिनमधली खिडकी

१८४५ चं साल बघा. त्याच्या नावाचा युरोपभर गाजावाजा सुरू झालेला. नोव्हेंबरमध्ये तो ग्रोस्टेन इथे एका ड्यूकच्या वाड्यावर पाहुणा होता आणि तिथे बसून त्याने काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली. त्याच्या आईला लहानपणी भीक मागायला पाठवायचे. ती आठवण त्या गोष्टीच्या मुळाशी आहे. झगमगत्या वाड्यात बसून त्याने थंडीने गारठून मरणाऱ्या मुलीला काडीच्या उजेडात ख्रिसमस ट्री दाखवलं.

तिथून तो बर्लिनला गेला. येनी लिंड ही स्वीडनची प्रसिद्ध गायिका त्या वेळी बर्लिनमध्ये होती. अँडरसनचं तिच्यावर प्रेम होतं. ती त्याला भाऊ मानायची. आजच्या भाषेत काय म्हणायचं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती बोलावेल या आशेने त्याने बाकीची आमंत्रणं टाळली. ती बोलावणं पाठवेना. एवढा मोठा माणूस, याला कुणी ना कुणी नेलंच असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं. जगातल्या मुलांना नाताळच्या गोष्टी देणारा माणूस त्या रात्री हॉटेलच्या खोलीत एकटा बसला. खिडकी उघडली आणि चांदण्या बघितल्या.

येनीला हे नंतर कळलं. तिने ३१ डिसेंबरच्या रात्री त्याला बोलावलं आणि फक्त त्याच्यासाठी एक झाड सजवलं. ४० वर्षांचा पाहुणा, त्याच्या एकट्याच्या नावचं झाड. हा प्रसंग त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवला. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांच्या जोडीला त्याला हेही सांगावंसं वाटलं.

सण असताना हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे नीट समजेल. तिकीट मिळत नाही, सबमिशन असतं, मेस बंद असते. आणि मित्रांना वाटतं, हा कुठेतरी गेलाच असेल.

भाषा येत नव्हती तेव्हा

१८५७ मध्ये तो इंग्लंडला चार्ल्स डिकन्सकडे गॅड्स हिलला गेला. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. त्याचं इंग्रजी कच्चं, स्वभाव हळवा, घरातल्यांच्या लग्नात तेव्हा तडे गेलेले. मोठी माणसं वैतागली. तो गेल्यावर डिकन्सने तो राहिलेल्या खोलीतल्या आरशावर चिठ्ठी लावली, की हे पाच आठवडे घरच्यांना युगासारखे वाटले. पुढे डिकन्सने त्याच्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं. का, ते अँडरसनला कधीच कळलं नाही.

पण त्या घरातल्या हेन्री या मुलाला म्हातारपणीही एक गोष्ट आठवत होती, हा डॅनिश पाहुणा कागदातून सुंदर आकृती कापायचा. बापाला पाहुण्याचा कंटाळा आठवला, मुलाला कागद आठवला. भाषा अडली तिथे कात्री चालली.

कोलिन घराण्यातही तसंच झालं. १८५९ मध्ये त्याने योनास कोलिन यांचे जावई अडॉल्फ ड्रेव्हसेन यांच्यासोबत बसून छोट्या क्रिस्टिनसाठी एक चिकटवही केली. त्यात मासिकांतून कापलेली चित्रं आणि त्याची कागदी कातरकामं. ही क्रिस्टिन म्हणजे योनास कोलिन यांची पणती. ज्या घराने मोच्याच्या मुलाला ‘तू’ म्हटलं नाही, त्याच घरातल्या चौथ्या पिढीसाठी तो कागद कापत होता.

विणलेलं हृदय

आज डेन्मार्कमध्ये नाताळाची ओळख म्हणजे विणलेलं कागदी हृदय. दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेलं, बहुतेक वेळा लाल-पांढरं, त्यांच्या झेंड्याच्या रंगाचं. त्याला म्हणतात युलेयेर्टे. ‘यूल’ म्हणजे नाताळ, ‘येर्टे’ म्हणजे हृदय. डिसेंबर सुरू झाला की तिथल्या शाळांत कापाकापी-चिकटवाचिकटवीचा खास दिवस असतो. आई-बाबा, मुलं, सगळे टेबलाभोवती बसतात. अशा हृदयांपैकी ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं १८६० च्या सुमाराचं आहे आणि ते केलंय अँडरसनने. ते आजही जपून ठेवलंय.

हे हृदय तुम्हीही करू शकता, आणि लहान भावंड, भाची-पुतण्या किंवा शेजारची पोरं असतील तर त्यांना घेऊनच करा. साहित्य घरचंच. दिवाळीच्या कंदिलाचा उरलेला घोटीव कागद, कात्री, डिंक.

दोन रंगांच्या ८ सेंटीमीटर रुंद आणि २४ सेंटीमीटर लांब पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडा, म्हणजे लांबी १२ होईल. दुमड नसलेलं टोक गोल कापा. दुमडीच्या बाजूने साडेआठ सेंटीमीटर लांब, सारख्या अंतरावर तीन काप द्या. प्रत्येक तुकड्याला चार पदर मिळाले. आता दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात धरा, दुमडी आतल्या बाजूला. एका रंगाचा पहिला पदर घ्या. तो दुसऱ्या रंगाच्या पहिल्या पदराच्या पोटातून न्या, पुढच्या पदराला आपल्या पोटात घ्या, पुन्हा पोटातून, पुन्हा पोटात. दुसरा पदर याच्या उलट. चटईसारखं वर-खाली करू नका, तसं केलं तर हृदय उघडणार नाही. चौथा पदर ओढायला थोडा जड जातो. लहान मुलांचे कागद इथेच फाटतात, म्हणून पहिलं हृदय जाड कागदाचं करा. वर कागदाची पट्टी चिकटवली की टांगायला कडी तयार. नीट जमलं तर ते पिशवीसारखं उघडतं. आत शेंगदाण्याची चिक्की ठेवा, गोळ्या ठेवा.

वसईत किंवा गोव्यात तुमचं कुणी असेल तर गोठा करताना, चांदणी लावताना घरातल्या मुलांची किती गडबड असते ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे दिवाळीत कामट्या आणि खळ घेऊन कंदील करताना तीच गडबड. विकतचा कंदील सुबक असतो. पण पोरांना लक्षात राहतो तो वाकडा झालेला, कारण तो करताना कुणीतरी मोठं माणूस दोन तास शेजारी बसलेलं असतं.

शेवटचा वार

स्वतःचं फर्निचर त्याने पहिल्यांदा घेतलं ते वयाच्या ६१ व्या वर्षी. तोवर सगळं भाड्याच्या खोल्यांतलं आणि दुसऱ्यांचं. त्यात पलंगही घ्यावा लागला, आणि आपण याच्यावरच मरणार असं वाटून तो घाबरला. ६ डिसेंबर १८६७ ला ओडेन्सने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. एका म्हातारीने त्याच्या आईला सांगितलं होतं, की एक दिवस तुझ्या मुलासाठी हे गाव दिव्यांनी उजळेल. ते खरं झालं. आई मात्र ते बघायला नव्हती. ती १८३३ मध्येच ओडेन्सच्या एका गरीबखान्यात गेली होती.

शेवटच्या आजारपणात कोपनहेगनच्या मेल्किओर कुटुंबाने त्याला आपल्या घरी नेलं. ४ ऑगस्ट १८७५ ला तो तिथेच गेला. म्हणजे शेवटचा दिवसही दुसऱ्यांच्या घरी. पण हे दुसरे त्याला सोडून गेले नाहीत.

त्याच वर्षी त्याच्या पुतळ्याचे नमुने तयार होत होते. अंगाखांद्यावर मुलं लोंबकळलेली दाखवली म्हणून तो चिडला. आपल्या गोष्टी मोठ्यांसाठीही आहेत, हे त्याला ठासून सांगायचं होतं. १८८० मध्ये कोपनहेगनच्या राजबागेत पुतळा बसला, त्यात तो एकटा आहे, हातात पुस्तक. ते बरोबरच झालं. मुलांच्या घोळक्यातला गोड म्हातारा एवढीच त्याची ओळख नव्हती.

एडवर्ड कोलिन आणि त्याची पत्नी पुढे त्याच्याशेजारी पुरले गेले, ठरल्याप्रमाणे. काही वर्षांनी नातेवाइकांनी कोलिन दांपत्याला त्यांच्या घराण्याच्या जागेत हलवलं. अँडरसन तिथे पुन्हा एकटा राहिला.

त्याची कातरकामं मात्र शेकड्यांनी टिकली. नाताळ संपला की झाडाबरोबर फेकायचा तो कागद. पण ज्या घरांत तो वार लावून जेवला, त्या घरांतल्या मुलांनी ते कपटे वह्यांत दाबून ठेवले, मोठी झाल्यावर आपल्या मुलांना दाखवले आणि त्यांनीही ते टाकले नाहीत.